आतड्यातले राखणदार

लंडनमध्ये सिटी रोडवर सेंट मार्क्स नावाचे एक छोटे इस्पितळ होते. फ्रेडरिक सॅमन या सर्जनने १८३५ मध्ये सात खाटांवर ते सुरू केले, तेव्हापासून त्यात गुदाशयाचे आणि मोठ्या आतड्याचे रोगी येत. ज्या दुखण्याविषयी माणसे घरातसुद्धा तोंड उघडत नाहीत, ते दुखणे घेऊन येणाऱ्यांसाठीच हे इस्पितळ होते. १९२० च्या दशकात तिथे तीन माणसांची गाठ पडली. जॉन पर्सी लॉकहार्ट-ममरी हे सर्जन. कथबर्ट ड्यूक्स हे इस्पितळाचे पॅथॉलॉजिस्ट. आणि त्यांच्या प्रयोगशाळेत हाताखाली काम करायला आलेला एच. जे. आर. बसी, ज्याला सगळे डिक म्हणत.

लॉकहार्ट-ममरींच्या पुढे काही घराणी अशी येत होती, की बाप आतड्याच्या कर्करोगाने गेला, मग मुलगा गेला, मग पुतणी आजारी पडली. या रोग्यांच्या मोठ्या आतड्यात एक-दोन नव्हे, शेकडो पॉलिप असत. आतून बोट फिरवले तर अस्तर कुठेच गुळगुळीत लागत नसे. पॉलिप साधारण किशोरवयात उगवू लागत आणि चाळिशीच्या आसपास त्यांतल्या एखाद्याचा कर्करोग झालेला असे. १९२५ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये अशा तीन घराण्यांची हकीकत छापली. कर्करोग वारशाने येतो असे म्हणणे तेव्हा धाडसाचे होते. वारशाने येतो तो कर्करोग नव्हे, तर पॉलिप उगवण्याची प्रवृत्ती, असे या घराण्यांकडे पाहून दिसत होते. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. पुढची सगळी कथा त्याच्यावर उभी आहे.

याच सुमारास इस्पितळात अशा घराण्यांची नोंदवही सुरू झाली. एक रोगी आला की त्याचे भाऊबहीण, मुले, चुलते, मामा यांची माहिती काढायची, वंशावळ आखायची, कोण कशाने गेले ते लिहायचे, जिवंत असतील त्यांना तपासणीला बोलवायचे. हे काम बसी यांच्याकडे आले आणि ते त्यांनी आयुष्यभर केले. ते डॉक्टर नव्हते. इस्पितळातल्या मानाच्या कामांत वंशावळी लिहिण्याची गणती नव्हती. पण पिढ्यांमागून पिढ्या त्या कागदांवर उतरत गेल्या, आणि बाधित आईबापांच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना हा रोग होतो हे आकड्यांत दिसू लागले. मेंडेलच्या नियमाप्रमाणे एका जनुकाचा दोष असला तर असेच व्हायला हवे.

ड्यूक्स दुसऱ्या बाजूने त्याच प्रश्नाकडे येत होते. शस्त्रक्रियेत कापून काढलेले आतडे ते काळजीने उघडत, पसरून ठेवत आणि पॉलिपपासून कर्करोगापर्यंतच्या सगळ्या अवस्था सूक्ष्मदर्शकाखाली लावून पाहत. साधी गाठ आणि कर्करोग या दोन वेगळ्या वस्तू नसून पहिलीतून दुसरी निघते, असे त्यांनी १९२६ मध्येच मांडले. १९३२ मध्ये त्यांनी केलेली अ, ब, क अशी वर्गवारी जगभरच्या सर्जनांनी पुढे कित्येक दशके वापरली. गाठ आतड्याच्या भिंतीतच असेल तर अ, भिंत भेदून बाहेर आली असेल तर ब, लसिकाग्रंथींत पोचली असेल तर क. रोग किती वाढला आणि कुठवर पसरला, हे दोन प्रश्न ड्यूक्स यांनी एका मापात बसवले. रोग का वाढतो आणि का पसरतो, हे विचारायला लागणारी साधने मात्र त्यांच्या हयातीत नव्हती.

अटलांटिकच्या पलीकडे, मिशिगन विद्यापीठात, आणखी एका घराण्याची वही भरत होती. १८९५ मध्ये आल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टला त्याच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले, की आपल्या घरातली बरीच माणसे पोटाच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली आहेत, तशी आपणही लवकर जाणार. ती खरोखरच तरुण वयात गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. वॉर्थिनने १९१३ मध्ये तिच्या घराण्याची माहिती प्रसिद्ध केली. साठच्या दशकात नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात हेन्री लिंच यांनी तशाच घराण्यांचा मागोवा सुरू केला आणि पैसे मिळोत न मिळोत, तो सोडला नाही. या घराण्यांत शेकडो पॉलिप नसत, तरीही कर्करोग येई. त्यांचा दोष डीएनएच्या प्रतीतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांत होता, हे १९९३ मध्ये कळले. ती दुसरी शाखा आहे आणि तिला स्वतंत्र लेख हवा. सेंट मार्क्सच्या वहीतली घराणी मात्र आपल्याला थेट राखणदार जनुकांकडे नेतात.

पेशीला वाढू न देणारे काहीतरी तिच्यात असले पाहिजे, ही कल्पना त्या वह्यांइतकीच जुनी आहे. जर्मनीतल्या वुर्झबुर्गमध्ये थिओडोर बोव्हेरी समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर प्रयोग करीत. गुणसूत्रांची वाटणी बिघडली तर पेशी कशा भरकटतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १९१४ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी तर्क केला, की काही गुणसूत्रांचे काम विभाजन रोखणे हे असावे आणि ती हरवली की पेशी अमर्याद वाढत असावी. पुढच्याच वर्षी ते वारले. या तर्काची परीक्षा व्हायला पंचावन्न वर्षे लागली. १९६९ मध्ये ऑक्सफर्डच्या हेन्री हॅरिस यांनी सहकाऱ्यांसह कर्करोगाच्या पेशी आणि निरोगी पेशी एकमेकींत मिसळून संकरित पेशी तयार केल्या. कर्करोग हा एखाद्या हानिकारक जनुकाच्या जोरावर होत असेल तर संकरित पेशीही कर्करोगी व्हायला हवी होती. ती झाली नाही. निरोगी पेशीतून आलेले काहीतरी तिला आवरत होते. अशा पेशी वाढवत ठेवल्या की त्यांतून काही गुणसूत्रे गळत, आणि मग मात्र कर्करोगी स्वभाव परत येई.

दोन वर्षांनी ह्यूस्टनमध्ये आल्फ्रेड नडसन यांनी डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाच्या ४८ रोग्यांची माहिती मांडून एक सोपा हिशेब केला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. राखणदार जनुक असेल तर दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय पहारा उठत नाही. ज्या मुलाला एक बिघडलेली प्रत जन्मतःच मिळाली, त्याच्यात दुसरा एकच घाव पुरतो, म्हणून त्याला रोग लहानपणी आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो. ज्याच्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत, त्याच्या एकाच पेशीवर दोन घाव पडावे लागतात. ते क्वचित घडते आणि उशिरा घडते. नडसन यांनी जनुक पाहिले नव्हते, नुसती वये आणि गाठींची संख्या पाहिली होती.

तो काळ मात्र उलट्या जनुकांचा होता. पेशीला पुढे ढकलणारी ऑन्कोजीन्स एकामागून एक सापडत होती आणि प्रयोगशाळांचे सारे लक्ष तिकडे होते. असे जनुक हातात घेऊन पेशीत घातले की परिणाम डोळ्यांसमोर दिसतो. जे हरवल्याने रोग होतो, ते शोधायचे कसे? नसलेल्या वस्तूला टोचून बाहेर काढता येत नाही.

धागा मिळाला तो एका रोग्याच्या गुणसूत्रांत. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात, रॉसवेल पार्क संस्थेत, लेम्युएल हेरेरा आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एका माणसाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या आतड्यात पॉलिप होते आणि जन्मापासून इतर व्यंगेही होती. त्याच्या पेशींतल्या पाचव्या गुणसूत्राच्या लांब बाहूचा एक तुकडाच गायब होता. पॉलिपचा रोग आणि गुणसूत्रातले खिंडार एकाच माणसात असणे हा योगायोग असू शकला असता. पण जनुक शोधणाऱ्यांना आता कुठे पाहायचे ते कळले.

१९८७ मध्ये लंडनमधल्या इम्पीरियल कॅन्सर रिसर्च फंडच्या वॉल्टर बॉडमर यांच्या गटाने सेंट मार्क्सच्या घराण्यांचे रक्त तपासून दाखवले, की पॉलिपचा रोग पाचव्या गुणसूत्रावरच्या खुणांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. 'नेचर'मधल्या त्या लेखाच्या लेखकांत डिक बसींचे नाव आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या युटा राज्यातून रे व्हाइट आणि मार्क लेपर्ट यांनी हेच दाखवले. युटात मॉर्मन पंथाची मोठमोठी कुटुंबे आणि त्यांच्या बारकाईने जपलेल्या वंशावळी होत्या. दोन्हीकडे जनुकाचा पत्ता मिळाला तो घराण्यांच्या नोंदींतून.

माझ्या मते त्या वर्षीचा सर्वांत मोठा शोध मात्र बॉडमर यांच्या लेखाच्या शेजारी छापलेला होता. एलन सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी वारसा नसलेल्या, साध्यासुध्या रोग्यांच्या आतड्याच्या गाठी तपासल्या. बऱ्याच गाठींत पाचव्या गुणसूत्राचा तोच भाग हरवलेला होता. पॉलिपची घराणी आतड्याच्या कर्करोगाच्या शंभरातल्या एका रोग्याएवढीही नसतील. पण त्यांच्यात जे जनुक जन्मतः बिघडलेले होते, तेच इतर असंख्य रोग्यांत आयुष्यात कधीतरी बिघडत होते. दुर्मीळ घराण्यांचा अभ्यास म्हणजे सर्वांच्या रोगाचा अभ्यास ठरला.

इथून कथा बाल्टिमोरला येते. जॉन्स हॉपकिन्समधले बर्ट व्होगेलस्टाइन हे मूळचे गणिताचे विद्यार्थी, पुढे बालरोगाचे डॉक्टर. त्यांनी मोठे आतडे निवडले त्यामागे साधे व्यावहारिक कारण होते. मेंदूची किंवा स्वादुपिंडाची गाठ हाताला लागते तेव्हा ती आधीच कर्करोग झालेली असते. आतड्यात मात्र लहान पॉलिप, मोठा पॉलिप, आत कर्करोग दडलेला पॉलिप आणि पुरा कर्करोग अशा सगळ्या पायऱ्यांचे नमुने शस्त्रक्रियेतून मिळतात. ड्यूक्स जी रांग सूक्ष्मदर्शकाखाली लावत होते, तीच आता डीएनएत लावायची होती. पॅथॉलॉजिस्ट स्टॅन्ली हॅमिल्टन यांच्या मदतीने गोठवलेल्या गाठींचे पातळ काप घेऊन त्यांतले निरोगी भाग बाजूला काढले जात, कारण गाठीत निरोगी पेशी मिसळलेल्या राहिल्या तर हरवलेले गुणसूत्र हरवल्यासारखे दिसत नाही. मग प्रत्येक रोग्याच्या निरोगी डीएनएशी गाठीच्या डीएनएची तुलना व्हायची.

१९८८ मध्ये त्यांनी १७२ गाठींचा हिशेब मांडला. पाचव्या गुणसूत्राचा ऱ्हास लहान पॉलिपपासूनच दिसत होता. रास या ऑन्कोजीनचा बिघाड एक सेंटिमीटरपेक्षा मोठ्या पॉलिपमध्ये वारंवार आढळे, लहानांत क्वचित. अठराव्या गुणसूत्राचा एक भाग ७३ टक्के कर्करोगांत हरवला होता आणि वाढलेल्या पॉलिपमध्येही बऱ्याचदा. सतराव्या गुणसूत्राचा आखूड बाहू ७५ टक्के कर्करोगांत हरवलेला होता, पण पॉलिपमध्ये फारच थोड्या. गाठ वाढते तशी एकेक वस्तू गळत जाते, आणि त्यात एक क्रमही असतो.

आता प्रश्न उरला, त्या हरवलेल्या प्रदेशांत नेमके कोणते जनुक बसलेले आहे?

सतराव्या गुणसूत्राचे उत्तर सर्वांत अनपेक्षित निघाले. तिथे पी-५३ नावाचे जनुक होते. १९७९ मध्ये लंडनचे डेव्हिड लेन, प्रिन्स्टनचे आर्नोल्ड लेव्हिन आणि इतर काही गटांनी त्याचे प्रथिन जवळजवळ एकाच वेळी शोधले होते. दहा वर्षे सगळे त्याला ऑन्कोजीन समजत आले, कारण ते पेशीत घातले की पेशी बेफाम वाढत. हॉपकिन्समध्ये सुझॅन बेकर, एरिक फिअरन आणि सहकाऱ्यांनी सतराव्या गुणसूत्राची एक प्रत हरवलेल्या गाठी घेतल्या आणि उरलेल्या प्रतीतले पी-५३ अक्षर अक्षर वाचले. दोन गाठींत एकेका अक्षराचा बदल सापडला. एक प्रत गायब आणि दुसरी बिघडलेली, म्हणजे नडसन यांचे दोन घाव जसेच्या तसे. हा लेख १९८९ च्या एप्रिलमध्ये 'सायन्स'मध्ये आला. त्याच वर्षी लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की निरोगी पी-५३ कर्करोगी वाढ थांबवते. इतकी वर्षे जी प्रत सगळ्यांच्या प्रयोगात फिरत होती, तीच बिघडलेली होती. राखणदाराला दरोडेखोर समजले गेले होते, आणि ती चूक सुधारायला मोठ्या आतड्याच्या गाठी कामी आल्या.

अठराव्या गुणसूत्राची हकीकत इतकी सरळ नाही. १९९० मध्ये फिअरन यांनी तिथे एक मोठे जनुक शोधून त्याला डीसीसी नाव दिले. पुढे कळले, की मज्जातंतूंना वाट दाखवणाऱ्या नेट्रिन प्रथिनाचा तो ग्राहक आहे, आणि डीसीसी काढलेल्या उंदरांत आतड्याच्या गाठी वाढलेल्या दिसल्या नाहीत. १९९६ मध्ये हॉपकिन्समधल्याच स्कॉट कर्न यांच्या गटाने स्वादुपिंडाच्या कर्करोगात, अठराव्या गुणसूत्राच्या त्याच टापूत, आणखी एक राखणदार शोधला. आज आपण त्याला स्मॅड-४ म्हणतो. टीजीएफ-बीटा हा संदेश आतड्याच्या पेशीला 'विभाजन थांबव' असे सांगतो आणि स्मॅड-४ तो निरोप केंद्रकापर्यंत पोचवते. १९९८ मध्ये हे जनुक लहान मुलांच्या एका आनुवंशिक पॉलिप-रोगातही सापडले. डीसीसीचा पक्ष पुढेही काही शास्त्रज्ञांनी सोडला नाही, पण स्मॅड-४ चा पुरावा अधिक भक्कम आहे असे मला वाटते.

१९९० मध्ये फिअरन आणि व्होगेलस्टाइन यांनी 'सेल'मध्ये ही सगळी पायरी-पायरीची मांडणी एका आकृतीत काढली. कर्करोगाच्या पाठ्यपुस्तकांत ती आकृती आजही असते. तिच्याबरोबर छापलेली एक सूचना मात्र फारसे कुणी वाचत नाही. क्रम नेहमीच तोच असतो असे नाही, किती बदल साठले हे अधिक महत्त्वाचे, असे त्यांनीच लिहून ठेवले होते.

पाचव्या गुणसूत्रावरच्या जनुकासाठी तोवर शर्यत लागली होती. एका बाजूला हॉपकिन्समधले केनेथ किन्झलर आणि व्होगेलस्टाइन, त्यांच्यासोबत टोकियोचे युसुके नाकामुरा. दुसऱ्या बाजूला युटाचे रे व्हाइट, ज्यांच्या प्रयोगशाळेत नाकामुरा स्वतः काही वर्षे शिकले होते. ९ ऑगस्ट १९९१ या एकाच दिवशी 'सायन्स' आणि 'सेल'मध्ये दोन्ही गटांचे लेख आले. जनुकाला एपीसी नाव मिळाले. त्याचे प्रथिन अवाढव्य आहे, २८४३ अमिनो आम्लांचे. रोग्यांत सापडलेले बहुतेक बिघाड ते प्रथिन मध्येच तोडून टाकतात.

त्या दिवसाने घराण्यांचे जगणे बदलले. त्याआधी बाधित माणसाच्या प्रत्येक मुलाला किशोरवयापासून दरवर्षी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी लागे, आणि त्यांतल्या निम्म्या मुलांना ती गरजच नव्हती. आता घराण्यातला बिघाड ठाऊक असला, की रक्ताच्या एका तपासणीत कळते कुणाला वारसा मिळाला आणि कुणाला नाही. ज्यांना मिळाला, त्यांचे मोठे आतडे कर्करोग होण्याआधीच काढता येते. अशी आनुवंशिक तपासणी आणि सल्ला आज मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रातही मिळतो. आपल्या देशात आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण युरोप-अमेरिकेहून बरेच कमी आहे, पण ज्या घरात हा वारसा उतरतो त्या घराला सरासरीचा काही उपयोग नसतो.

एपीसी नेमके कशावर राखण करते, याचे उत्तर अनपेक्षित बाजूने आले. विस्कॉन्सिनमध्ये विल्यम डव्ह यांच्या प्रयोगशाळेत एमी मोझर यांना एका उंदराच्या वंशात पंडुरोग दिसला. कारण शोधता शोधता आतडी उघडली, तर ती पॉलिपने भरलेली होती आणि रक्त तिथून झिरपत होते. हे १९९० मध्ये छापले गेले, आणि दोन वर्षांत कळले की त्या उंदरांत एपीसीचाच बिघाड आहे. तेव्हापासून आतड्याच्या कर्करोगावरचे असंख्य प्रयोग या उंदरांच्या वंशावर झाले. १९९३ मध्ये दिसले, की एपीसी बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनाला धरते. १९९७ मध्ये हॉलंडचे हान्स क्लेव्हर्स आणि हॉपकिन्सचा गट यांनी पुढचा दुवा जोडला.

आतड्याच्या आतल्या अस्तरात लाखो सूक्ष्म खळगे असतात. पायऱ्यांच्या विहिरीसारखे समजा. तळाशी मूळ पेशी राहतात आणि विभागत राहतात. त्यांच्या लेकी एकेक पायरी वर चढतात, चढता चढता विभाजन थांबवून कामाला लागतात, आणि चार-पाच दिवसांत वर पोचून गळून पडतात. तळाशी 'विभागत राहा' असा संदेश असतो आणि तो बीटा-कॅटेनिनमार्फत चालतो. वर चढताना एपीसी आणि त्याच्या जोडीदारांची टोळी बीटा-कॅटेनिन मोडून टाकते, म्हणून संदेश थांबतो. एपीसीच्या दोन्ही प्रती गेल्या की बीटा-कॅटेनिन साठते, केंद्रकात जाते आणि टीसीएफ-४ या जोडीदार प्रथिनाला धरून तळातली जनुके वरसुद्धा चालू ठेवते. पेशी पोक्त होत नाही, गळत नाही, विभागतच राहते. तिथेच पॉलिप उभा राहतो. ज्या थोड्या गाठींत एपीसी शाबूत होते, त्यांतल्या काहींत बीटा-कॅटेनिनच असे बिघडलेले निघाले की त्याला मोडता येऊ नये. साखळी खरी असल्याची याहून चांगली ग्वाही मिळणे कठीण.

किन्झलर आणि व्होगेलस्टाइन यांनी म्हणूनच एपीसीला आतड्याचा द्वारपाल म्हटले आणि एक ठोस दाखला दिला. पी-५३ चा बिघाड जन्मतः घेऊन आलेल्या माणसांना अनेक कर्करोग होतात, पण त्यांच्या आतड्यात पॉलिपचे रान माजत नाही. दोन्ही राखणदार महत्त्वाचे, पण पहिला दरवाजा एपीसीचाच. अर्ध्या सेंटिमीटरच्या पॉलिपमध्येही त्याचा बिघाड सापडतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या जनुकीय सर्वेक्षणात, अतिबिघडलेल्या गाठी वगळता, ८१ टक्के गाठींत एपीसीचा आणि ६० टक्के गाठींत पी-५३ चा बिघाड आढळला.

वाढीचे कोडे असे सुटत गेले. पसरण्याचे मात्र सुटले नाही.

आतड्यातून निघणारे रक्त प्रवेशिनी शिरेने आधी यकृतात जाते. म्हणून या कर्करोगाच्या दूरच्या गाठी बहुतेकदा यकृतात पहिल्यांदा दिसतात, आणि रोगी दगावतो तो बहुधा आतड्यातल्या मूळ गाठीने नव्हे, या पसरलेल्या गाठींनी. सगळ्यांची अपेक्षा होती, की पसरण्यासाठीही एक राखणदार जनुक असेल आणि ते गेले की पेशी निघत असतील. जपानच्या माकोतो ताकेतो यांच्या गटाने १९९८ मध्ये एपीसीबरोबर स्मॅड-४ ही काढलेले उंदीर तयार केले. त्यांच्या पॉलिपचे भिंतीत घुसणारे कर्करोग झाले, तेवढे एपीसीच्या एकट्या बिघाडाने होत नव्हते. स्मॅड-४ हरवलेल्या माणसांच्या गाठीही अधिक वाईट वागतात. पण घुसणे वेगळे आणि दुसऱ्या अवयवात घर करणे वेगळे.

२००८ मध्ये सियान जोन्स, व्होगेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी त्याच रोग्यांच्या आतड्यातल्या गाठी आणि दूर पसरलेल्या गाठी यांचे बिघाड शेजारी शेजारी ठेवून मोजले. पसरलेल्या गाठीतले जवळजवळ सगळे बिघाड मूळ गाठीत आधीच होते. पसरण्यासाठी खास असे नवे जनुकीय बिघाड फारसे लागत नाहीत. काळाचा हिशेब तर थक्क करणारा होता. मोठ्या पॉलिपपासून वाढलेल्या कर्करोगापर्यंत यायला सुमारे १७ वर्षे, आणि त्या कर्करोगातल्या पेशींना पसरण्याची ताकद यायला २ वर्षांहून कमी. या १७ वर्षांत दुर्बिणीने पॉलिप काढून टाकता येतो, आणि शेवटच्या दोन वर्षांत आपल्या हातात फार थोडे उरते. चाळिशी-पन्नाशीतल्या कुणाला तपासणी टाळताना पाहिले, की मला हे दोन आकडे आठवतात.

पुढचे पाऊल जपानमध्ये पडले. तोशिरो सातो यांनी क्लेव्हर्सकडे असताना आतड्याच्या मूळ पेशी ताटलीत वाढवून छोटी आतडी उगवण्याची युक्ती साधली होती. २०१५ मध्ये त्यांच्या गटाने निरोगी माणसाच्या आतड्यातून अशी ऊती वाढवून जनुक कापण्याच्या कात्रीने एपीसी, पी-५३ आणि स्मॅड-४ काढून टाकले आणि रास कुळातले केआरएएस व आणखी एक ऑन्कोजीन जोडले. पंचवीस वर्षांपूर्वीची आकृती पेशीत हाताने घडवली. या पेशी उंदरात गाठ करीत. रक्तातून यकृतात पोचतही. पण तिथे त्या थोड्या संख्येने झोपून राहत, मोठी गाठ करीत नसत. उलट, ज्या पॉलिपमध्ये गुणसूत्रांची मोडतोड आधीच सुरू होती, त्यातून घेतलेल्या पेशींत हेच बदल केले तर यकृतात मोठ्या गाठी उभ्या राहत. क्लेव्हर्स यांच्या गटाने त्याच वर्षी दाखवले, की एपीसी आणि पी-५३ दोन्ही गेले की गुणसूत्रांची संख्या विस्कटू लागते. पसरण्याचे बळ एखाद्या हरवलेल्या राखणदारात नाही, तर राखणदार गेल्यावर माजणाऱ्या या गोंधळात असावे, असे या दोन प्रयोगांतून दिसते. मला तरी हे उत्तर बोव्हेरींच्या तर्काशी जुळणारे वाटते.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये लुकास डाउ आणि स्कॉट लो यांनी उलटा प्रश्न विचारला. इतके सगळे बिघडल्यावर पहिला राखणदार परत आणला तर? त्यांनी असे उंदीर घडवले, की ज्यांच्यात एपीसी एका औषधाने दाबून ठेवता येई आणि ते औषध थांबवले की पुन्हा जागे होई. आतड्यात गाठी वाढू दिल्या. काहींत केआरएएस आणि पी-५३ चे बिघाडही घातले. मग एपीसी परत चालू केले. थोड्याच दिवसांत गाठीतल्या पेशींनी विभाजन थांबवले, त्या पोक्त होऊ लागल्या, आणि सुमारे दोन आठवड्यांत खळगे पुन्हा आपल्या घडणीने उभे राहिले. पुढचे सगळे बिघाड जागेवर असतानाही गाठ पहिल्या बिघाडावरच तोलून उभी होती.

माणसात असे करता येत नाही. हरवलेले २८४३ अमिनो आम्लांचे प्रथिन गोळीने परत घालता येत नाही, आणि जे जास्त झाले आहे ते बीटा-कॅटेनिन दाबणारी औषधे निरोगी आतड्याच्या तळालाही इजा करतात, कारण रोजचे अस्तर नव्याने उगवायला तोच संदेश लागतो. साठलेले बीटा-कॅटेनिन फक्त गाठीतच मोडेल आणि खळग्याच्या तळाला धक्का लावणार नाही, अशा रेणूचा शोध प्रयोगशाळांत चालू आहे.